लूकचं वर्ष

मराठीची शिक्षिका म्हणून माझी सगळी नोकरी मुलांकडून तात्पर्य लिहून घेण्यात गेली. गोष्ट ससा-कासवाची असो की लाकूडतोड्याची, खाली ‘तात्पर्य’ लिहून एक ओळ ठोकली की उत्तर पूर्ण आणि गुण पदरात. निवृत्त झाल्यावर वास्कोतल्या आमच्या लहानशा मंडळीत रविवारचा उपदेश माझ्या गळ्यात पडला. तो ज्या पद्धतीने करायला मला शिकवलं गेलं, तिच्यात नेमकं तात्पर्यच बाजूला ठेवायचं होतं. ते वर्षभर कसं चाललं, ते सांगते.

आधी मंडळीविषयी. गोव्यात ख्रिस्ती म्हटलं की माणसं कॅथलिकच धरून चालतात, आणि त्यात चूक काही नाही. आमच्यासारखे मराठी प्रॉटेस्टंट इथे मूठभर. कोणी नेव्हीत, कोणी रेल्वेत, कोणी बंदरात, कोणी कस्टममध्ये. नगर, कोल्हापूर, बेळगाव, सोलापूरहून बदलीवर आलेले आणि मग इथलेच झालेले. मी मूळची नगरची, अमेरिकन मराठी मिशनच्या वळणात वाढलेली. रविवारी दुपारी चारला भाड्याच्या हॉलमध्ये उपासना. पाळकसाहेब लुथरन, घरचे तेलुगू. महिन्यातून एकदा येतात आणि त्या दिवशी प्रभुभोजन होतं. बाकीच्या रविवारी आम्ही गाणी म्हणायचो, त्यात ना. वा. टिळकांची भजनं असायचीच, आणि उपदेशाच्या वेळेला कुणाच्या तरी मोबाईलवरून एखादा मोठा आवाजी संदेश लावायचो. हे पाळकसाहेबांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “बाई, तुम्हाला मराठी येतं. तुम्ही वाचा.”

वाचा म्हणाले, बोला नाही. १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात, म्हणजे लुथरन मंडळ्यांच्या मूळ मतपत्रात, चौदावं कलम आहे: योग्य रीतीने पाचारण झाल्याशिवाय कोणी मंडळीत जाहीर शिकवू नये की संस्कार देऊ नयेत. त्यामुळे सुरुवातीचे सगळे महिने, पावसाळाभर, मी पाळकसाहेबांनी लिहिलेला उपदेश मराठीत उतरवून मोठ्याने वाचत असे. मला त्यात कमीपणा वाटेल अशी त्यांना धास्ती होती. म्हणून त्यांनी मला सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याच्या ‘पोस्टिल’ची, म्हणजे उपदेशसंग्रहाची, हकीकत सांगितली. वर्म्सच्या सभेत आपल्या लिखाणापासून माघार घ्यायला नकार दिल्यावर १५२१ च्या मे महिन्यापासून ल्यूथर वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून होता. तिथे त्याने नव्या कराराचं जर्मन भाषांतर केलं हे पुष्कळांना माहीत असतं. पण त्याच किल्ल्यात त्याने रविवारच्या वाचनांवर नमुन्याचे उपदेश लिहायला घेतले, हे कमी जणांना ठाऊक असतं. गावोगावच्या धर्मगुरूंपैकी पुष्कळांना उपदेश करताच येत नव्हता. ज्याला येत नाही त्याने निदान चांगलं लिहिलेलं वाचून दाखवावं, असा त्यामागचा साधा विचार. म्हणजे मी करत होते ते काम पाचशे वर्षं जुनं. बायकांनी उपदेशाला उभं राहावं का, यावर आमच्याकडेही एक-दोघांनी कुरकुर केली, पण मोबाईलपेक्षा बाई बऱ्या, असं ठरलं असावं.

त्या पोस्टिलच्या सुरुवातीला ल्यूथरने एक छोटं टिपण जोडलं आहे: शुभवर्तमानात, म्हणजे येशूची हकीकत सांगणाऱ्या पुस्तकांत, काय शोधावं आणि कशाची अपेक्षा ठेवावी. पाळकसाहेबांनी माझ्याकडून ते अनेकदा वाचून घेतलं. त्यातला मुद्दा असा, की ख्रिस्ताला दुसरा मोशे, म्हणजे नुसता आज्ञा देणारा, करू नका. आधी त्याला देणगी म्हणून घ्या, देवाने तुम्हाला दिलेली, तुमची स्वतःची झालेली. मग त्याला कित्ता म्हणून गिरवा. हा क्रम उलटला की शुभवर्तमानाचं पुन्हा नियमशास्त्र होतं. मला वाचताना हे सोपं वाटलं. लिहायला बसल्यावर ते किती अंगाबाहेरचं आहे हे कळलं.

कारण आपल्याकडे ऐकणाऱ्यालाही बोध हवा असतो. कीर्तन असो, प्रवचन असो, आमच्या नगरकडचे उपदेश असोत, शेवटी ‘म्हणून बंधुभगिनींनो, आपणही…’ आलं की माणूस समाधानाने छत्री उचलतो.

आगमनकाळापासून, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांतल्या पहिल्यापासून, १ डिसेंबर २०२४ पासून, मी स्वतः लिहायचं ठरलं. आठवड्याचा क्रम ठरलेला. सोमवारी रविवारचं वाचन वहीत हाताने उतरवायचं. मंगळवारी त्यातली क्रियापदं अधोरेखित करून प्रत्येकाचा कर्ता लिहायचा. हे मला मनापासून आवडलं. पदपरिचयाशिवाय माझा दिवस जात नसे. मग दोन प्रश्न: इथे देव काय मागतो? आणि इथे देव काय देतो? गुरुवारी मसुदा पाळकसाहेबांच्या व्हॉट्सॲपवर. त्यांना देवनागरी हिंदीमुळे वाचता येते, मराठी अडखळत. शुक्रवारी रात्री त्यांचा फोन. त्यांचा एक शेरा वर्षभर टिकला: “बाई, हे सगळं खरं आहे. पण येशू मेला नसता, उठला नसता, तरी हे खरंच राहिलं असतं.” तसं असेल तर तो परिच्छेद काढायचा.

वाचन आपण निवडायचं नाही, ते ठरलेलं असतं. आमच्याकडे चार शुभवर्तमानांचा तीन वर्षांचा क्रम चालतो: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, योहान तिन्ही वर्षांत मधूनमधून, विशेषतः लेंत, म्हणजे पुनरुत्थानाआधीचा उपवासकाळ, आणि पुनरुत्थानाच्या काळात. माझ्या वाट्याला आलं ते लूकचं वर्ष. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली रोमन कॅथलिक चर्चने असा त्रैवार्षिक क्रम आणला. मग प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी तो आपापल्या परीने घेतला, आणि १९९२ साली त्याची आजची सामाईक आवृत्ती तयार झाली. त्रैवार्षिक क्रम घेण्याआधी लुथरन मंडळ्या ल्यूथरच्या काळची जुनी एक वर्षाची वाचनंच वाचत होत्या. काही अजूनही वाचतात. ल्यूथरलासुद्धा ती निवड सगळीच पसंत नव्हती. प्रेषितांच्या पत्रांतले उतारे ज्याने निवडले तो कर्मांचा भोळा भक्त दिसतो, असा त्याचा १५२३ सालचा शेरा आहे. तरी त्याने क्रम मोडला नाही. मीही कुरकुर करून घेते. येशूच्या बाप्तिस्म्याच्या रविवारी लूकच्या तिसऱ्या अध्यायातून हेरोदाने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला तुरुंगात टाकल्याचे दोन श्लोक गाळले आहेत. का गाळावे? बाप्तिस्मा देणारा तुरुंगात जातो, हे त्या दिवशी लोकांनी ऐकायला हवं.

गोव्यात या क्रमाचा एक फायदा मला आधी लक्षात आला नव्हता. शेजारची आंटी सकाळी मिसाला जाऊन येते, आमची उपासना चारला. दुपारी जेवणाच्या आधी कुंपणावरून मी विचारायची, “आयज पाद्र्याबान शेर्मांवांत किदें सांगलें?” आणि पुष्कळ रविवारी तेच वाचन, तीच माणसं, फक्त कोकणीत. तिच्या पाद्रींचं शेर्मांव, म्हणजे उपदेश, आटोपशीर असायचं, आणि कधीकधी माझ्या पानभर मजकुरापेक्षा नेमकं. चार वाजायच्या आत मी दोन वाक्यं खोडल्याचं आठवतं.

त्या वर्षी आगमनकाळ म्हणजे जुन्या गोव्यात नुसती गर्दी. संत फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं होतं. रस्ते, बसगाड्या, सगळं तिकडे वळलेलं. आमच्या हॉलमध्ये मात्र जांभळं कापड, एक मेणबत्ती, मग दोन. तिसऱ्या रविवारी, १५ डिसेंबरला, लूकचा तिसरा अध्याय आला. बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना ‘सापाच्या पिलांनो’ म्हणतो, आणि घाबरलेले लोक विचारतात: मग आम्ही काय करावं? हा प्रश्न तिथे तीनदा येतो. आधी लोक विचारतात, मग जकातदार, मग शिपाई. आणि योहान उत्तर देतो, अगदी रोखठोक. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा. ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका. कोणावर जुलूम करून पैसे उकळू नका, आपल्या पगारात समाधानी राहा.

आमच्याकडे पहिल्या रांगेत कस्टमचे दोघे आणि मागे नेव्हीवाले. ‘जकातदार’ म्हटल्याबरोबर हॉलमध्ये हसू फुटलं. कस्टमवालेही हसले, पण जरा उशिरा.

या वाचनात मागणंच मागणं होतं. देणं कुठे? पाळकसाहेबांनी त्या आठवड्यात फोनवर एक चित्र पाठवलं. जर्मनीत विटेनबर्गच्या गावचर्चमध्ये चित्रकार लुकास क्रानाखची १५४७ ची वेदी आहे. तिच्या खालच्या पट्टीत ल्यूथर उपदेशपीठावर उभा आहे, एक हात पवित्र शास्त्रावर, दुसऱ्या हाताचं बोट समोर केलेलं. ऐकणारे बायका-पुरुष, मुलं डाव्या बाजूला. मध्ये, उपदेशक आणि लोक यांच्यामध्ये, वधस्तंभावरचा ख्रिस्त. “योहानाचं काम हेच,” ते म्हणाले, “त्याचं बोट बघा, त्याची दाढी बघू नका.” मग मला वाचनातला सोळावा श्लोक दिसला: माझ्यापेक्षा समर्थ असा एक येत आहे. योहान काय करा ते सांगतो. पण जो येतो आहे तो काय करणार, हे सांगायला तो उभा आहे. मी उपदेशात कस्टमवाल्यांना सोडलं नाही, स्वतःलाही नाही. पण शेवटची पाच मिनिटं ‘तो येतो आहे’ यावर घातली. उपासना संपल्यावर मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ जवळ आले. “बाई, छान झालं. पण मग आम्ही काय करायचं?” मी म्हटलं, “काका, तेच तर वाचलं आत्ता.” ते हसले नाहीत.

नाताळचा उपदेश लिहायला सोपा, कारण ल्यूथरने नाताळच्या उपदेशांत जी गोष्ट घासून घासून सांगितली ती लूकच्या वाक्यातच आहे: तारणारा तुमच्यासाठी जन्मला आहे. तीन राजांच्या फेस्ताला आंटीने मला चांदरला नेलं. लिहिण्याचं त्या आठवड्यात फारसं झालं नाही. कार्निव्हलच्या रविवारी, २ मार्चला, आमचं वाचन रूपांतराचं, म्हणजे डोंगरावर येशूचं रूप तेजस्वी होतं त्याचं, होतं. कॅथलिकांकडे ते लेंतच्या दुसऱ्या रविवारी येतं, त्यामुळे आंटीला वाटलं मी पान चुकले. बाहेर ढोल, कार्निव्हलचा राजा किंग मोमो याच्या गाड्यांची तयारी. आत पेत्र डोंगरावर तीन मंडप बांधू म्हणतो आहे. त्या दिवशी आम्ही हालेलुया शेवटचं म्हटलं, आता ते पुनरुत्थानालाच. त्या रविवारी वाचनाला मला फार काही जोडावं लागलं नाही.

मग लेंतमधला तिसरा रविवार आला, २३ मार्च. मला निवड असती तर मी लूकचा तेरावा अध्याय त्या दिवशी हातात घेतला नसता. आमच्यातल्या एका कुटुंबाचा तरुण मुलगा काही महिन्यांपूर्वी रस्त्यावर गेला होता. दुचाकी, पाऊस, समोरून टिप्पर. त्यानंतर मंडळीत जे कुजबुजत फिरलं ते मी इथे लिहीत नाही. मुलगा उपासनेला येत नव्हता, एवढा त्याचा सूर सांगितला तर पुरे. आणि वाचनात लोक येशूला सांगत येतात, की रोमन सुभेदार पिलाताने गालीली लोकांना यज्ञ करतानाच मारलं. येशू स्वतःच आणखी एक गोष्ट काढतो: शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? नाही, मी तुम्हाला सांगतो.

ते ‘नाही’ तिथे दोनदा आहे. मी सोमवारी वहीत उतरवलं तेव्हा पेन थांबलं. पण त्या ‘नाही’च्या पाठोपाठ लगेच येशू म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुम्हा सर्वांचा तसाच नाश होईल. हे त्या आईसमोर कसं वाचायचं? मी पाळकसाहेबांना म्हटलं, दुसरं काही वाचू. ते ‘हो’ म्हणाले नाहीत आणि ‘नाही’ही म्हणाले नाहीत. विचारलं, “हे वाक्य त्या आईला सांगितलं आहे, की जे हिशेब मांडत आले त्यांना?” मग त्यांनी मला पुढे वाचायला लावलं. अंजिराचं झाड, तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाक. आणि माळी म्हणतो: महाराज, एवढं एक वर्ष राहू द्या, मी त्याच्याभोवती खणून खत घालतो.

क्रियापदांची यादी केली. मालक: तोडून टाक. झाड: काहीच नाही. माळी: खणतो, घालतो, राहू द्या म्हणतो. झाडाला एकही क्रियापद नाही, मालकाच्या तक्रारीतलं ‘जागा अडवतं’ आणि माळ्याचं ‘फळ देईल तर’ एवढं सोडून. मी उपदेशात हे असंच सांगितलं. येशूने त्या अठरा जणांचा हिशेब मांडायला नकार दिला. जो हिशेब त्याने मांडला तो ऐकणाऱ्यांचा, आणि आपण सगळे उभ्या उभ्या त्या हिशेबात आहोत. पण तोडून टाक आणि झाड यांच्यामध्ये कोणीतरी फावडं घेऊन उभा आहे, आणि तोच पुढे यरुशलेमाला, वधस्तंभाकडे, चालला आहे. मुलाचं नाव मी घेतलं नाही. त्याची आई उठून गेली नाही. उपासनेनंतर तिने मला वाचनाचं पान विचारलं. तिला ते घरी नवऱ्याला दाखवायचं होतं. वाचन मी निवडलं असतं तर तिला ते मिळालं नसतं, आणि कुजबुजणाऱ्यांनाही नाही.

पुढच्याच रविवारी, ३० मार्चला, गुढीपाडवा आणि उधळ्या पुत्र एकत्र आले. हॉलच्या समोरच्या इमारतीत गुढ्या उभारलेल्या, खाली कोणी पेढे वाटत होतं. उधळ्या पुत्र, वाटा उधळून घरी परतणाऱ्या धाकट्या मुलाचा दाखला, आमच्या लोकांना पाठ. शाळकरी वयात त्याचं नाटक प्रत्येकाने केलेलं असतं, डुकरांचा मुखवटा सुद्धा कुठे मिळतो ते ठाऊक असतं. आणि गोव्यात पहिल्याच वाक्याला माणसं सावध होतात: बाबा, मालमत्तेतला माझा वाटा द्या. इथल्या नागरी कायद्यात आईबापांच्या मिळकतीतला निम्मा हिस्सा मुलांसाठी राखीव असतो, आणि वाटणीच्या इन्व्हेंटरी केसेस वर्षानुवर्षं चालतात. बाप जिवंत असताना वाटा मागणं म्हणजे काय, हे कोणालाही समजावून सांगावं लागलं नाही.

इथे पदपरिचयाने माझं काम फार सोपं केलं. मुलगा दूरदेशी बसून भाषण पाठ करतो: बाबा, मी पाप केलं आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला तुमच्या एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा. घरी आल्यावर तो ते म्हणायला लागतो. पहिली दोन वाक्यं होतात. तिसरं, मोलकऱ्याचं, होतच नाही. बाप नोकरांना हाका मारायला लागलेला असतो. झगा आणा, अंगठी घाला, वहाणा घाला. आणि त्याच्याही आधी विसाव्या श्लोकात बापाची क्रियापदं एकापाठोपाठ एक येतात: पाहिलं, कळवळला, धावत गेला, गळ्यात मिठी मारली, मुके घेतले. मुलगा अजून दूर आहे. त्याने अजून एक शब्द उच्चारलेला नाही.

मी हे फळ्यावर लिहिलं. हॉलमध्ये फळा होता, कोणाची तरी शिकवणी चालते तिथे. एका बाजूला मुलाचं पाठ केलेलं भाषण तीन ओळींत, दुसऱ्या बाजूला त्याने खरंच म्हटलेलं दोन ओळींत. शाळेतला जुना हात. लोकांनी पुढे वाकून पाहिलं. न म्हटलेल्या तिसऱ्या ओळीखाली मी रेघ मारली आणि थांबले. मग थोरल्या भावावर आले. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, त्याचीही समजूत घालतो. तो आत गेला की नाही, लूक सांगत नाही. मीही सांगितलं नाही. मंडळीतल्या एका काकूंना हे अजिबात पटलं नाही. “बाई, शेवट तर हवा ना!” त्यांचा थोरला भाऊ बेळगावला आहे, वाटणीवरून बोलणं बंद आहे, हे मला मागाहून समजलं.

हरवलेलं मेंढरू आणि हरवलेलं नाणं हे त्याच अध्यायातले दोन दाखले त्या दिवशी वाचनात नव्हते. ते १४ सप्टेंबरला आले. असं का तोडतात, कोण जाणे.

२४ जूनला सांजांव, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या जन्माचा सण. विहिरी भरलेल्या, पोरं डोक्यावर फुलांचे मुकुट घालून उड्या मारतात. आंटीने त्यामागचं कारण सांगितलं तेव्हा मला मजा वाटली: मरीयेचा आवाज ऐकून अलीशिबेच्या पोटातल्या बाळाने उडी मारली, ती ही उडी. हे मी २२ डिसेंबरला वाचून उपदेश केला होता, पण कोणी पाण्यात उडी घेईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. संध्याकाळी आम्ही चार-पाच घरची माणसं जमलो, योहानाच्या बापाची, जखऱ्याची, वाचा परत येते ते वाचलं. उपदेश केला नाही. चण्यांचा पुलाव होता, तो खाल्ला.

खरा वाद १३ जुलैला झाला. चांगला शोमरोनी: लुटून रस्त्यात टाकलेल्या वाटसरूला तुच्छ मानलेल्या जमातीचा माणूस उचलतो, तो दाखला. ल्यूथरने जुन्या चर्चपित्यांचाच धागा धरून सांगितलं, की शोमरोनी म्हणजे ख्रिस्त आणि रस्त्यात अर्धमेला पडलेला माणूस म्हणजे आपण. पाळकसाहेबांचा आग्रह, की उपदेश यावरच उभा करा. मला ते पटलंही आणि खटकलंही. पटलं अशासाठी, की लहानपणापासून मी हा दाखला शोमरोन्याच्या जागेवर उभी राहून ऐकला. खड्ड्यात आडवं पडून कधी ऐकला नव्हता. तिथून दृश्य वेगळंच दिसतं. पुरोहित जातो, लेवी जातो, आणि जो थांबतो त्याला आपण एरवी दारातही उभं केलं नसतं. खटकलं अशासाठी, की वाचन संपतं ते ‘जा आणि तूही तसंच कर’ या वाक्यावर. ते आज्ञार्थी आहे. ते मी कुठे ठेवू?

दोन शुक्रवार आमचं यावर जुंपलं. ते म्हणायचे, शेवटी आज्ञा सांगितली की लोक तेवढीच घरी नेतात, ख्रिस्त हॉलमध्येच राहतो. मी म्हणायची, आज्ञा गाळली की लोक सुखाने घरी जातात आणि वाटेत पडलेल्याला ओलांडून जातात. बायना समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्यावर मी रोज पाहते. शेवटी त्यांनीच मला वाचायला लावलेलं ल्यूथरचं टिपण मी त्यांना वाचून दाखवलं. ल्यूथर कित्ता नको म्हणत नाही, तो आधी देणगी म्हणतो. क्रमाचा प्रश्न आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “ठीक आहे. पण आज्ञा खड्ड्यातून उठलेल्या माणसाला द्या, घोड्यावर बसलेल्याला नको.” तसं मी लिहिलं: ज्याला उचललं, जखमा बांधल्या, ज्याच्यासाठी उतारशाळेत पैसे भरले, तो बरा होऊन त्याच रस्त्याने परत निघाला आहे, आणि त्याला तो रस्ता माहीत आहे. मला अजूनही वाटतं माझं म्हणणं जास्त बरोबर होतं. त्यांनाही त्यांचं वाटत असणार.

३ ऑगस्टला मूर्ख धनवान. वास्कोत दामोदर सप्ताहाची फेरी, म्हणजे जत्रा, लागली होती, हॉलपर्यंत पोचायलाच वेळ लागला. कोठारं मोडून मोठी बांधणारा माणूस म्हटल्यावर गोव्यात लोकांच्या डोळ्यांपुढे कोण येतं हे सांगायला नको: डोंगर कापणारे, शेतं रूपांतरित करणारे बाहेरचे बिल्डर. माझ्या मसुद्यात ते होते. पाळकसाहेबांनी विचारलं, “यातला कोणी आपल्या हॉलमध्ये बसतो का?” नाही. “मग हे नियमशास्त्र कोणाला लागणार? सगळे मान डोलावतील.” बिल्डर गेले, मुदतठेवी आल्या. मान कमी डोलल्या.

सप्टेंबरातला अन्यायी कारभाऱ्याचा दाखला मला आजही उलगडलेला नाही. तो उपदेश पाळकसाहेबांनीच केला आणि त्यांनाही उलगडला असं मला वाटलं नाही. २६ ऑक्टोबरला धर्मसुधारणेचा रविवार, लाल कापड, योहानाचा आठवा अध्याय. खरं तर त्याच दिवशीचं लूकचं वाचन स्वतःचं पुण्य मोजणारा परूशी आणि दया मागणारा जकातदार यांचं होतं, आणि धर्मसुधारणेला याहून चांगलं वाचन शोधून सापडणार नाही. आंटीकडे तेच वाचलं गेलं. तिच्याकडून ऐकून घेतलं.

वर्षाचा शेवटचा रविवार ख्रिस्तराजाचा, २३ नोव्हेंबर २०२५. हा सण अकरावे पायस पोप यांनी १९२५ साली सुरू केला; लुथरनांनी तो नंतर घेतला. राजाचा सण आणि वाचन वधस्तंभाचं: दोन गुन्हेगार, एक टोमणे मारतो, दुसरा म्हणतो माझी आठवण ठेवा. क्रियापदं काढायला बसले. हात खिळलेले, पाय खिळलेले. या दुसऱ्या माणसाला करण्यासारखं काही उरलेलंच नाही. बाप्तिस्मा नाही, भरपाई नाही, सुधारायला आठवडा नाही. आणि येशूच्या उत्तरात ‘आज’: आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. उपदेश सगळ्यात लहान झाला. ‘मग आम्ही काय करायचं’ विचारणारे काका त्या दिवशी काही न विचारता चहाला गेले. आवडलं की नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आता मत्तयचं वर्ष चालू आहे आणि मत्तय शिक्षकी माणूस आहे. आज्ञांचे ढीगच्या ढीग. मी नगरला जाते तेव्हा रेल्वेतला एक तरुण वायरमन माझ्या जागी वाचतो. तोही पावसाळाभर दुसऱ्याचंच वाचणार होता, पण त्याने फेब्रुवारीतच स्वतःचा मसुदा करून मला पाठवला. ‘तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा’ यावर, आणि मथळा ‘आपण मीठ होऊ या’. मी त्याला क्रियापद बघायला सांगितलं. त्याने फोन केला: “बाई, इथे ‘व्हा’ नाहीच आहे. ‘आहा’ आहे. मग सांगायचं काय?” मी म्हटलं, शुक्रवारी पाळकसाहेबांचा फोन येईल, त्यांना विचार. आणि जरा भांड.